नागपूर ते टोरंटो, अधिक अर्धा तास

माझ्या बायकोच्या माहेरचा, म्हणजे कळमेश्वरचा, एक नियम आमच्या घरात चालतो. कुणी प्रवासाला निघालं की तो पोचल्याचा फोन येईपर्यंत घरात झाडू फिरवायचा नाही. मला त्याचा कधी त्रास झाला नाही. मी नोकरीला कामठीला जायचो. तासाभरात पोचून फोन करायचो. तेवढ्यात कचरा होऊन होऊन किती होणार?

मग आमची मुलगी टोरंटोला शिकायला निघाली.

मी इंटरनेटवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली. उत्तर आलं, बारा हजारांच्या वर किलोमीटर, साधारण पंधरा तास. ती निघणार संध्याकाळी सातला. दिल्लीला विमान बदलायचं होतं, त्याचा अर्धा तास मी माझ्याकडून घातला. कामठीला जाताना जरीपटक्यात ऑटो बदलायला दहा मिनिटं लागतात. विमान जरा मोठं, म्हणून अर्धा. तिकीट बघावं असं काही सुचलं नाही. ते मुलीच्या मोबाइलमध्ये होतं.

"सकाळी साडेदहाले उतरते," मी बायकोला ठणकावून सांगितलं.

रात्री मुलीचा मेसेज आला, दिल्लीत पोचले. "हे पोचणं नाही," बायको म्हणाली. सकाळी बाई आल्या, त्यांच्याकडून नुसती भांडी घासून घेतली. हॉलमध्ये मुलीची बॅग भरतानाचे सुतळीचे तुकडे, चिकटपट्टी, सांडलेला चिवडा, सगळं तसंच.

साडेदहा झाले. अकरा. बारा. मुलीचा मोबाइल बंद.

"काहून जी, तुमची साईट काय म्हणून राहिली?"

"येईन फोन. तिथं रांगा असतात."

एक वाजता तिनं ताटं वाढली. दोघांनीही वरणभात चिवडला. बातम्या लावल्या, लगेच बंद केल्या. मी पुन्हा पुन्हा तीच दोन नावं टाकत होतो आणि ती साईट दर वेळी शांतपणे पंधरा तास म्हणत होती. तीन वाजता बायकोनं देवापाशी दिवा लावला. पायाला चिवडा चिकटत होता, पण तो झटकायचीही मला भीती वाटत होती.

पावणेपाचला फोन वाजला.

"बाबा, उतरली मी! आता विमानातून बाहेर पडली."

"अवं, एवढा उशीर?"

"कुठं उशीर? टायमावर आली. दिल्लीले पाच तास बसून होती ना मी. नागपूरहून सीधं विमान जाते का इकडे?"

जात नाही. साईटनं मी विचारलेलं अंतर सांगितलं होतं, विमान आहे असं ती कुठं म्हणाली होती?

बायकोनं फोन घेतला, "जेवली का वं?" एवढंच विचारलं आणि पदर डोळ्याला लावला. फोन ठेवल्यावर आत गेली, झाडू घेऊन आली आणि माझ्या हातात दिला.

"जगाचं अंतर मोजून झालं असंल तर हॉल झाडा."

इतक्या आनंदानं मी आयुष्यात झाडू मारला नव्हता. दाराजवळ निघेपर्यंत मुलीची बॅग उभी होती, तेवढाच चौकोन स्वच्छ राहिला होता. तिथंही मारला.