हार घातलेल्या फोटोतली बाई

मी मेलेली न्हाई.

सकाळपासनं माझ्या फोटोला हार लावून तालुक्यातली पोरं स्टेटसला ठेवतायत. खाली लिहिलंय, 'सुनीलसाहेबांच्या मातोश्रींना प्रथम पुण्यस्मरणी अभिवादन'.

माझ्या दत्तूला तर पाव्हण्यांचे फोन, "आई कधी गेली राव? कळवलं बी न्हाई!"

मी इथं अंगणात बसून चहा पितीय.

गेली ती सुनीलची आई. माझी थोरली जाऊ. आज तिला वरीस झालं.
फोटोत ओवाळणारी बाई मी. सुनीलची चुलती.

चूक पोरांची न्हाई. माझी हाय. तीच सांगायला बसलीय. नातीनं फोनात बोलून लिहायचं शिकवलंय. मी बोलते आन अक्षरं आपोआप उमटत्यात. लई मजा वाटती. शाळेत दुसरीपातुर गेले, पण आता थांबत न्हाई बघा!

तर थोरली.

ती तळेघरची, डोंगरातली. मी कळंबची, हमरस्त्यावरची, दारात एस्टी. मला वाटायचं, ही काय माझ्यापुढं?
आन सासूबाई माझी भाकरी बाजूला सारून म्हणायच्या, "थोरलीच्या हातची नाचणीची आण."

तवापासनं जळतीय मी. लपवायचं काय त्यात.

पुढं तिचा मालक गेला. एकटीनं सुनीलला वाढवला. पोरगं पुण्याला शिकलं, कंपनीत लागलं, डायरेक्टर झालं, इमानात बसून फिरायला लागलं.
माझा दत्तू नारायणगावला टोमॅटोचा पिकअप चालवतो. चांगला चालवतो. पण पिकअपवाल्याचा फोटो पेपरात येत न्हाई.

मग सुनील कंपनी सोडून गावी आला. म्हणला, आमदारकीला उभा राहतो.
गल्लीत गाड्याच गाड्या. मी हसून सगळ्यांना चहा देत व्हते. आत काय चाललं व्हतं ते माझं मला ठावं.

फॉर्म भरायला निघायचा दिवस. थोरलीनं पहाटे उठून वाती वळल्या, ताम्हण घासून लख्ख केलं.
सुनील दारात उभा राहिला. "आई, चल, ओवाळ."

तिनं पदराला हात पुसले. ताम्हण उचललं.

आन मी बोलले. भटजी न्हाई, भावकी न्हाई. मी.
"बाई, शुभ काम हाय. सवाष्णीचा हात लागू द्या. तुमी कशाला?"

सुनील म्हणला, "काकी, असलं आता कोण मानतंय? आई, ये तू."

"इलेक्शन हाय बाबा. उगं अपशकुन कशाला?"

त्या शब्दावर तिनं ताम्हण माझ्या हातात दिलं.
"धाकटीचं बरोबर हाय," म्हणली. आन आत चुलीपाशी जाऊन उभी राहिली.

आमचे हे तिकडं बाजेवर खोकत व्हते. माझ्या नवऱ्यानं जन्मात एकच काम केलं, जिवंत राहिला. त्या दिवशी मी ते वापरून घेतलं.

फोटो निघाला. संध्याकाळपातुर अख्ख्या तालुक्यात. खाली पोरांनी लिहिलेलं, 'मातोश्रींचा आशीर्वाद.'

चार दिवसांनी कळंबला बायकांची सभा. माझ्याच माहेरात! मला वळखणाऱ्या म्हाताऱ्या कधीच गेल्या, नव्या सुनांनी नुसता फोटो बघितलेला. सुनील दुसऱ्या गावात प्रचाराला. माइकवरनं पुकारलं, "साहेबांच्या आईसाहेबांनी स्टेजवर यावं."
मी उठले.
बसून राहता आलं असतं. उठले.

ओटी भरली माझी. नारळ, हिरवी साडी, जरीचा काठ.

घरी येऊन थोरलीला दाखवली. दाखवायलाच नेली, खोटं कशाला बोलू.
तिनं काठ बोटांत धरून बघितला. "झ्याक हाय गं. कुणी दिली?"
"सुनीलच्या आईला दिली. कळंबच्या बायांनी."

मला वाटलं, आता भांडंल.
"मग जपून ठेव," म्हणली. "सणाला नेस. तुला हिरवं खुलतं."

भांडली असती तर बरं झालं असतं. त्या साडीची घडी काय माझ्याच्यानं मोडली न्हाई.

सुनील पडला. गाव हळहळलं. थोरली म्हणली, "बरं झालं. आता जेवायला तरी घरी येईल."
आन खरंच यायला लागला. रोज तिच्यापुढं मांडी घालून बसायचा.

असाच एकदा सकाळी तो जेवत असताना ती चुलीपाशी बसल्या बसल्या गेली. तव्यावर भाकरी तशीच.
मतदानाची शाई अजून नखावर व्हती.

आंघोळ घातली. बायांनी पांढरी लुगडी आणली. मी घरला गेले, ट्रंक उघडली.

"अगं, येडी का खुळी तू? तिला हिरवं?" म्हातारी नणंद वरडली. "रीत हाय का न्हाई काही?"

"साडी तिचीच हाय वन्सं," मी म्हणले. "सुनीलच्या आईला दिलेली. मी नुसती सांभाळली."

 पदराचं एक टोक सुनीलनं धरलं, एक मी.

तिचं तिला पोचतं केलं. पण फोटोतली बाई ती न्हाई, मी, हे तालुक्याला काय सांगितलं न्हाई. लाज वाटली. म्हणून आज हा हार माझ्या गळ्यात.

आन काय सांगू, सकाळपासनं एवढी माणसं त्या फोटोखाली हात जोडतायत, ते बघून पयल्यांदा मनात काय आलं? तिला केवढी माणसं! माझ्या वेळेला येतील का एवढी?
आजबी जळतीय बघा. आन मरण तरी कसलं मिळालं बाईला, पोरगं समोर जेवत असताना.

पोरांनो, तो फोटो काढा आता.

खाली टाकलाय तो घ्या. डोक्यावर पदर, कोपरापातुर नाचणीचं पीठ, फोटो काढणाऱ्याला हसून "जा की" म्हणतीय.
ही सुनीलची आई. नीट बघून ठेवा.

बाई, ताम्हण तुमचं व्हतं.
तुमच्या पायावर डोकं ठेवते.

तुमची धाकटी