व्हर्लीनला न मिळालेल्या टिपा

टिपेच्या नावाखाली आम्हाला किती लुबाडलंय ते व्हर्लीन टॅकेटला विचारा. केंटकीच्या डोंगरातल्या आमच्या हॉटेलात ती एकोणीस वर्षं वेट्रेस होती. पायाच्या शिरा फुगलेल्या, पण तोंड असं फटकळ की ट्रकवाले मुद्दाम तिच्याच टेबलावर येऊन बसायचे.

मालक आम्हाला तासाला दोन डॉलर तेरा सेंट देतो. बाकीचं गिऱ्हाइकानं द्यायचं. टीप कमी पडली तर तासाला सव्वासात डॉलरच्या किमान मजुरीपर्यंतची भर मालकानं घालावी, असा कायदा आहे. कायदा गेला खड्ड्यात! ड्युटी संपली की हजेरीचं मशीन विचारतं, आज टीप किती? मॅनेजर गार्लंडची तंबी होती, सहा तासांना एकतीस डॉलरच्या खाली आकडा टाकायचा नाही. टाकलात तर पुढच्या आठवड्यात घरी बसा. मग बारा मिळाले तरी आम्ही मुकाट एकतीस टाकायचो. कागदावर किमान मजुरी पुरी दिसायची आणि मालकाचा एक छदामही जायचा नाही.

त्या हिवाळ्यात खाण बंद पडली आणि गिऱ्हाईकच आटलं. आकडा मात्र एकतीसच. व्हर्लीनचं घर सरकारी मदतीचं, भाडं कमाईवर ठरायचं. फेब्रुवारीत पत्र आलं: हॉटेलच्या नोंदींप्रमाणे तुमची कमाई तुम्ही सांगता त्याहून जास्त आहे, भाडं महिन्याला चौऱ्याहत्तर डॉलरनं वाढवत आहोत.

"कुठली मेली कमाई?" पत्र माझ्या नाकासमोर नाचवत ती ओरडली. "जो पैसा मी डोळ्यांनी पाहिला नाही, त्याचं भाडं भरू? नाही भरलं की हे मला बाहेर काढणार!"

ती तशीच गार्लंडकडे गेली. "लिहून दे, आकडे खोटे होते म्हणून."

"आकडे टाकले कुणी?" तो म्हणाला. "बोट तुझंच होतं ना? सरकारशी खोटं तू बोललीस, बाई. मी नाही."

हरामखोर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. व्हर्लीनला त्या दिवशी नऊ डॉलर मिळाले होते, तिनं मशीनमध्ये नऊच टाकले. दुसऱ्या दिवशी अकरा. चार दिवस ती खरं तेच टाकत राहिली. "हे आकडे घेऊन सोमवारी सरकारी घरांच्या ऑफिसात जाते," मला म्हणाली. "घर जाऊ देणार नाही मी."

शुक्रवारी गार्लंड कागद घेऊन काउंटरपाशी आला. काम समाधानकारक नाही, टीप फार कमी मिळते, म्हणून व्हर्लीनला यापुढे आठवड्याला एकच दिवस काम.

"चोराच्या उलट्या बोंबा!" व्हर्लीन कडाडली. "अरे, गिऱ्हाईकच नाही तर टीप काय भिंती देणार?"

"मग हिला कशी मिळते?" त्यानं दुसरा कागद पुढे केला. माझा. तेच दिवस, तेच तास. एकतीस, एकतीस, बत्तीस, एकतीस.

व्हर्लीन माझ्याकडे वळली. चिडलीसुद्धा नव्हती. "सांग ना गं त्याला, जोनेल."

माझी दोन पोरं, नवरा खाणीतून घरी बसलेला. गार्लंड माझ्याकडे बघत होता. मी फडकं घेतलं आणि पुसलेलंच टेबल पुसायला लागले.

मार्चमध्ये व्हर्लीननं घर सोडलं. सामान उचलायला तिनं मला बोलावलं नाही.