डोंगरबाजारात मोडलेली हळद

१४ डिसेंबर २०२४, शनिवार, सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे. उत्तर थायलंडमधल्या डोंगरातल्या एका गावाच्या बाजारापाशी आमची गाडी थांबली. रिसोडजवळच्या रिठद गावच्या बुद्धविहारातली आम्ही काही माणसे सहलीला गेलो होतो. त्या दिवशी आधी बाजार आणि मग वरचा कडा पाहायचा होता. कड्यावरून सकाळी ढग पायाखाली दिसतात आणि ऊन चढले की विरतात, असे नागपूरहून बरोबर आलेल्या सहलीच्या व्यवस्थापकाने बजावले होते.

पत्नीला काचबिंदू आहे. तिच्या दृष्टीच्या कडा मिटत आल्या आहेत. गेलेली नजर परत येत नाही. साऱ्या सहलीत तिने एकच गोष्ट मागितली होती: ढग वरून पाहायचे.

बाजारात एका बाईपाशी ओली हळद होती, दोऱ्याने बांधलेल्या लहान लहान जुड्या. मी उभा जन्म हळद लावली. आमच्याकडे कंद मोडून रंग पाहिल्याशिवाय हळदीविषयी कोणी बोलत नाही. मोडलेला तुकडा पुन्हा ढिगात टाकतात. तो ढीग शेवटी वाळवण्याआधी मोठ्या कढईत शिजायलाच जायचा असतो. मी जुडी सोडली आणि कंद मोडला. रंग गर्द निघाला. मग दुसऱ्या जुडीतला मोडला, मग तिसऱ्या.

बाई उठून उभी राहिली. तिचे म्हणणे व्यवस्थापकाने समजावून सांगितले: मोडलेली जुडी इथे कोणी घेत नाही, तेव्हा या तुम्हीच घ्या.

"मी पारखली, नासवली नाही," मी म्हणालो. "हळद अशीच पाहतात."

"दादा, हे काय रिसोडचं मार्केट हाय?" गाडीतून आमचा शेजारी ओरडला. "का इथंच आडत खोलता?"

सगळे हसले. मी अधिकच ताठ झालो.

पत्नी जवळ आली. "अवो, घेऊन टाका न. कायले अडून राह्यले?"

"मी चूक केली नाही."

"मी कुठं म्हनलं चूक केली? ढग चालले न माह्ये."

हे ऐकूनही मी हललो नाही. हळदीच्या बाबतीत मला कोणी शिकवावे, हे मानवत नव्हते. अखेर व्यवस्थापकाने स्वतःच जुड्या घेतल्या आणि मला गाडीकडे वळवले. तोवर बाजारावर लख्ख ऊन पडले होते.

कड्यावर पोचलो तेव्हा दरी तळापर्यंत उघडी होती. मंडळींनी फोटो काढले. देखावा सुंदर आहे असे सगळे म्हणाले, आणि तो होताच. पत्नीने कठडा दोन्ही हातांनी धरला आणि मान सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. तिला आता असेच पाहावे लागते.

"कोणीकडं हायेत?"

"गेले."

"मंग खाली काय हाय, ते तरी सांगा."

मी सांगितले. वावरे, नदी, पत्र्याची छपरे. हळदीचा तिने शब्द काढला नाही. काढला असता तर मला उत्तर देता आले असते.

दुसऱ्या दिवशी पहाटे विमान होते. त्याच संध्याकाळी ती सामान भरत होती. बॅगेची चेन अडकली होती आणि ती दाते चाचपत ओढत होती. मी बॅग तिच्या हातून घेतली, दात्यांवर साबणाची वडी घासली आणि चेन मागेपुढे सरकवून पाहिली.