आईच्या केसांतला कापूस

"हा मुलगा आईच्या केसांतून काय वेचतोय? उवा?" एडिथबाईंनी विचारलं.

ब्रिस्टलच्या आमच्या प्रिव्ह्यू रूममध्ये कुणी हसलं नाही. बाई नव्वदीच्या. त्यांच्या दिवंगत भावानं इथल्याच एका कापडगिरणीच्या गावातल्या आपल्या बालपणावर कादंबरी लिहिली, तिच्यावर हा ब्लॅक अँड व्हाइट चित्रपट निघाला. त्याची जुनी फिल्म स्वच्छ करायचं काम माझ्याकडे होतं. हक्क बाईंचे. त्यांची सही झाली नाही, तर शुक्रवारचा कार्डिफचा शो रद्द.

फिल्मवरच्या धुळीचे पडद्यावर पांढरे ठिपके दिसतात. सॉफ्टवेअर ते पुसतं. ठिपका एकाच फ्रेममध्ये असेल तर ती धूळ. मागच्या-पुढच्या फ्रेममध्येही असेल तर ते हात लावत नाही. आईच्या केसांतले ठिपके त्यानं म्हणूनच सोडले होते. मी अतिशहाणी! दोन दिवस बसून एकेक हातानं पुसला. थांबलेल्या फ्रेममध्ये मुलाचा हात मला केसांवरून मायेनं फिरतोय असं वाटलं. कादंबरी वाचायला वेळ कुणाला होता?

"तो कापूस होता," बाई म्हणाल्या. "गिरणीतून आली की आईच्या केसभर असायचा. यावर मी सही करणार नाही."

माझा बॉस सुनील इथेच, पिनरला जन्मलेला मराठी मुलगा. त्यानं मला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"ओरिजिनल स्कॅन सेफ आहे ना? मग प्रॉब्लेम काय?"

"त्यात कापूस आणि धूळ, दोन्ही आहे. हलत्या केसांत सॉफ्टवेअरही चुकतं. आता माझा माझ्यावरच भरवसा नाही."

"मग त्यांनाच विचार. आणि आधी सॉरी म्हण."

मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी गेले. बाई माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि स्क्रीनवर बोट ठेवत गेल्या. "हा कापूस. ही घाण. हा कापूस, कानामागचा. शूटिंगच्या वेळी मेकअपवाल्यांना मीच दाखवलं होतं."

"इतकं कसं लक्षात राहिलं?"

"रोज मीच वेचायचे ना. भाऊ बाहेर खेळत असायचा. पुस्तकात मात्र ते काम त्यानं स्वतःच्या नावावर खपवलं."

मी कानामागच्या कापसापासून सुरुवात केली.

गुरुवारी शॉट पुन्हा लावला. बाईंनी दोनदा पाहिला आणि सही केली. पेन मला परत देताना म्हणाल्या, "केस ओढतोय बघ कसा. तिला दुखेल."

शो वेळेवर झाला. तेव्हापासून हातानं काही पुसण्याआधी मी शॉट पूर्ण चालवून बघते. आणि मूळ पुस्तक वाचते. दोन दिवसांपेक्षा कमी वेळ लागतो.