सुतकातला मासा

त्या घरात मोबाइलला रेंज नव्हती, म्हणूनच आम्ही ते घर निवडलं. २०२१चा मे महिना होता. माझा थोरला भाऊ सोमवारी ठाण्यात कोविडने वारला होता आणि शुक्रवारी संध्याकाळी मी आईला गाडीत बसवून आयर्लंडमधल्या गॉलवेपासून तासाभरावरच्या एका तळ्यावर निघालो होतो. आईला अजून काहीच सांगितलेलं नव्हतं.

आई तीन महिन्यांसाठी म्हणून आली आणि विमानं बंद झाल्यावर वर्षभर आमच्याकडेच अडकली. तिच्या हृदयात स्टेंट आहे. इतक्यात सांगू नका, असं तिकडच्या सगळ्यांनी एकमताने ठरवलं. एकमत व्हायला आमच्या घरात कुणीतरी मरावं लागतं. दादा हॉस्पिटलात आहे आणि आत फोन नेऊ देत नाहीत, एवढंच तिला माहीत होतं. ताप उतरतोय, थोडं सूप घेतलं, असं मी तिला रोज संध्याकाळी सांगायचो. थापा मारताना माझा आवाज कापत नव्हता, कारण मला काहीच वाटत नव्हतं. सोमवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना मेसेज आला. तो वाचून मी पुढची स्लाइड लावली आणि ती नीट समजावूनही सांगितली.

खरी भीती गॉलवेतल्या मराठी मंडळींची होती. भली माणसं आहेत, आणि बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. शनिवार उजाडला की डबे घेऊन दारात उभी राहिली असती आणि आईचा हात हातात घेऊन बोलायला लागली असती. बायको हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते आणि त्या वीकेंडला तिची ड्युटी होती. तिनेच ठरवलं, की मी आईला घेऊन लांब जावं, रविवारी संध्याकाळी परत यावं, आणि मग दोघांनी मिळून, गोळ्या हाताशी ठेवून सांगावं. माझ्या एका आयरिश सहकाऱ्याचं तळ्याकाठी वडिलांचं जुनं घर रिकामं होतं. तो स्वतः जवळच राहायचा. मासे धरायचा सीझन आहे, मजा येईल, असं तो म्हणाला.

आठवडाभर बायकोने सुतक गुपचूप पाळलं होतं. दुकानात चिकन नव्हतं, अंडी संपली, अशी रोज नवी सबब सांगून ती वरण-भात आणि भाजीवर भागवत होती. आई कुरकुरत जेवायची. आमची आई मालवणकडची, माशावाचून तिला जेवण गोड लागत नाही. एवढी सगळी काळजी घेतली आणि मासे धरायच्या जागी जाताना आपण कदाचित मासा घेऊन परत येऊ, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मला मासा मिळेल असं कुणालाच वाटलं नसणार.

शनिवारी सकाळी सहकारी होडी घेऊन आला. आम्ही मास्क लावून होडीच्या दोन टोकांना बसलो. तळं आपल्या खाडीएवढं रुंद होतं आणि पाण्यावर मेफ्लाय नावाचे पिवळट, नाजूक किडे उडत होते. त्यातला एक जिवंत किडा गळाला लावायचा, लांब काठीला हलकी दोरी बांधायची आणि वाऱ्याला तो किडा पाण्यावर नाचवू द्यायचा.

"तू काही करायचं नाहीस. वाराच करतो सगळं," तो म्हणाला.

काही करायचं नाही, हे मला उत्तम जमत होतं. मी काठी धरून बसलो. पाऊस आला, गेला, ऊन आलं, परत पाऊस आला. त्याने दोन ट्राउट धरले आणि दोन्ही परत सोडले. मी विचारलं तर म्हणाला, घरचा फ्रीज भरलाय. घरी सगळे बरे आहेत ना, भारतातल्या बातम्या बघवत नाहीत, असंही त्याने विचारलं. मी "ग्रँड" म्हणालो. या देशात 'ठीक आहे' म्हणायला हा शब्द कशालाही चालतो.

परत येताना, धक्का अगदी जवळ आला असताना, माझी दोरी ताणली गेली. काठी वाकली. सहकारी ओरडून काहीतरी सूचना देत होता आणि मी त्या पाळत होतो. मासा होडीत आला तेव्हा तो हाताच्या कोपरापर्यंत लांब होता, सोनेरी, अंगावर काळे-लाल ठिपके.

"ठेवायचा की सोडायचा?" त्याने विचारलं.

मी वर पाहिलं. धक्क्यावर माझा जुना रेनकोट घालून आई उभी होती. तिने मासा पाहिला होता. वर्षभरात तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

"ठेवायचा," मी म्हणालो.

तिने मासा माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. कल्ला उचलून पाहिला, वास घेतला. "गोड्या पाण्यातलो. चव काय ती उद्या कळतली," ती म्हणाली. आई शनिवार पाळते, म्हणून मासा हळद-मीठ लावून फ्रीजमध्ये गेला आणि मला एक दिवस मिळाला.

संध्याकाळी तिने बरोबर आणलेल्या छोट्या गणपतीपुढे दिवा लावला. सुतकात दिवा लावू नये, हे मला कळत होतं. मी मागे उभा राहून बघत होतो. ती दादासाठी बराच वेळ हात जोडून बसली. मग म्हणाली, "त्येका फोन लागलो की सांग हां, तुझ्या भावान मासो गरवल्यान. हसात तो." मी सांगतो म्हणालो. तेव्हाही मला काही वाटलं नाही. आपल्यात काहीतरी बिघडलंय, एवढं मात्र वाटलं.

रविवारी मी दुपारच्या आतच निघू या म्हणालो. तिने ऐकलं नाही. मासा काय गाडीतून नेऊन खायचा? तिने येताना मसाल्याची पुडी, तांदळाचं पीठ आणि कोकमं आणली होती. म्हणजे मला मासा मिळेल असं वाटणारं एक माणूस होतं. परक्या घरातल्या जड तव्यावर तुकड्या चुरचुरायला लागल्या आणि घरभर तो वास पसरला. मी मनाशी ठरवत होतो. मी खाईन. माझं काय, मी सगळंच गिळत होतो. तिने नकळत खाल्लं तर दोष लागत नाही, असं कुठेतरी असेलच. चार-पाच तासांचा तर प्रश्न होता.

तिने मला दोन तुकड्या वाढल्या, स्वतःच्या ताटात एक घेतली आणि समोर बसली. काटा काढून तिने घास उचलला.

"आई, तू खाव नको," मी म्हणालो.

मी ठरवून बोललो नाही. तिला सत्य सांगायचं धैर्यही मला आलं नव्हतं. पोटच्या मुलाच्या सुतकात तिच्या तोंडात तो घास गेला असता तर पुढे तिने तो जन्मभर आठवला असता, आणि ते मला बघवलं नसतं, इतकंच.

घास हातातच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं. ना सोमवार, ना संकष्टी. मासा ताजा होता, तिने स्वतः तळला होता. घरातल्या बाईला मासा खाऊ नको म्हणायला दुसरं कारण काय असणार? कोण, हे तिने विचारलंच नाही.

"कधी?" तिने विचारलं.

"सोमवारी."

तिने घास ताटात ठेवला. उठून तव्याखालची आच बंद केली. पाठमोरीच म्हणाली, "आणि मी रोज दिवो लावी होतंय." मग ती ओट्याला धरून उभी राहिली. मी जवळ गेलो, पण तिने मला हात लावू दिला नाही.

"तू आंघोळ केलंस?"

कुठली आंघोळ ते मला कळलं. बातमी ऐकली की करायची ती.

"नाय," मी म्हणालो.

ती नेसत्या साडीनिशी बाथरूममध्ये गेली. पाण्याचा आवाज येत राहिला आणि त्यातून तिचा आवाज यायला लागला. ती दादाला त्याच्या पाळण्यातल्या नावाने हाक मारत होती. ते नाव मी विसरून गेलो होतो. मी दाराबाहेर भिंतीला टेकून जमिनीवर बसलो.

ती बाहेर आली तेव्हा केसांतून पाणी गळत होतं आणि ती थरथरत होती. मी टॉवेल पुढे केला. तिने तो घेतला आणि दाराकडे बोट दाखवलं.

"आता तू जा."

मी कपड्यांनिशीच आत गेलो आणि शॉवर सोडला. पाणी बर्फासारखं होतं. ते खांद्यांवर पडत होतं आणि मी मान बाहेर काढून तसाच उभा होतो.

आई दाराशीच थांबली होती.

"डोक्यार घे रे, बाबू," ती म्हणाली. "तुझो भाव गेलो."