एकेहार्टच्या नावाचं पाकीट

गेर्लिंडेबाईंनी जर्मनीतल्या माइसन गावच्या गल्ल्यांत अडतीस वर्षं टपाल वाटलं, पण कुणाचं साधं पोस्टकार्डही वाचलं नाही. मजकुराची बाजू खाली करून पेटीत टाकायच्या. तशा तोंडाने फटकळ. समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यांचं उत्तर तयार.

अशा बाईंच्या स्वयंपाकघरात लेकीने, आंत्येने, एक बोलका डबा आणून ठेवला. बाईंच्या नवऱ्याला, एकेहार्टला, हल्ली विसरायला होत होतं. डब्याला विचारलं की तो उत्तर द्यायचा. पण विचारलेलं सगळं डबा बनवणाऱ्या कंपनीकडे साठतं, हे कळलं आणि बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"घरात कान लावून बसलेलं माणूस भेट म्हणून आणलंस होय गं?"

"आई, अ‍ॅपमधून पुसता येतं सगळं."

"खड्ड्यात गेलं तुझं अ‍ॅप! आपली माहिती मागायचा कायदा आहे ना? आधी काय काय साठवलंय ते कागदावर देऊ देत, मग पुसू देत."

बाईंनी एकेहार्टची सही घेऊन रजिस्टर पत्र धाडलं, महिन्याची मुदत घालून. कंपनीने अ‍ॅपवर अर्ज करा म्हणून टोलवलं. बाईंनी कायद्याचं कलम लिहून पाठवलं. एकोणतिसाव्या दिवशी जाड पाकीट आलं.

रविवारी कॉफी-केकला आलेली आंत्ये ते फोडायला निघाली.

"हात लावू नकोस! नाव कुणाचं आहे त्यावर?"

एकेहार्टने चष्मा लावला. पहिलं पान वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.

"गेर्ली, मोठ्याने वाचू?"

"तुझं आहे. नको वाटलं तर नको वाचूस."

तो वाचू लागला. "'आज वार कोणता?' आठ वाजून दहा. 'आज वार कोणता?' आठ चौदा. आठ वीस. आठ बावीस..." आणि कसनुसा हसला. आंत्ये खिडकीबाहेर बघत राहिली.

"मला का नाही रे विचारलंस?" बाई म्हणाल्या.

"विचारायचो की. दुसऱ्यांदा विचारलं की तू भांडी आपटतेस. तो नाही आपटत."

बाईंना फार लागलं ते. इतकी वर्षं कुणाचं गुपित उघडं पडू दिलं नाही, आणि घरचा माणूस आपल्यापासूनच लपवत होता. त्यांनी डबा उचलून त्याच्यापुढे ठेवला.

"डबा ठेवायचा का? तू सांगशील तसं."

"नको. मी कितीदा विसरलो त्याचा हिशेब परक्याकडे कशाला?" तो म्हणाला. "पण मग विचारू कुणाला?"

"मला."

पुसून टाकण्याचं पत्र त्याने स्वतः लिहिलं. डबा गेला.

त्यानंतरच्या मंगळवारी बाई बटाटे सोलत होत्या.

"गेर्ली, आज वार कोणता गं?"

"मंगळवार."

पाच मिनिटांनी पुन्हा तेच. आणि पुन्हा. चौथ्या वेळी बाईंनी सुरी खाली ठेवली, हात पुसले, त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि त्याने पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगितलं, "मंगळवार आहे रे."