उताणं की पालथं

आमच्या घरात तान्ह्या मुलाला कसं निजवावं यावरून कधी कुणी भांडलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. चार शब्द इकडून, चार तिकडून, आणि मन मोकळं. आमच्यात झाली ती मुकी लढाई. सासूबाई माझ्या मुलाला पालथं निजवून आत जायच्या. मी हळूच येऊन त्याला उताणं करायची. त्या पाणी प्यायच्या निमित्तानं परत यायच्या आणि त्याला पुन्हा पालथं घालायच्या. तव्यावरची भाकरीसुद्धा इतक्यांदा उलटत नाही. 

बाहेरच्या माणसाला यात हसू येईल. मला येत नव्हतं. हे माझं दुसरं मूल होतं.

पहिली मुलगी होती. तिला चौथा महिना लागला होता. थंडीचे दिवस, माझ्याच अंथरुणात, गोधडीखाली निजलेली. सकाळी पाहिलं तर पालथी, तोंड गोधडीत रुतलेलं आणि अंग गार. ताप नाही, खोकला नाही, आदल्या संध्याकाळी समईकडे बघून हसत होती. घरात बायका जमल्या, आणि त्यांच्यातली एक दुसरीला हलक्या आवाजात म्हणाली, "झोपीत आंगाखाली घेतलं अशीन मायनं. तरनी पोरगी, कामानं थकेल. समजलं नसंन तिले." ती वाईट मनानं बोलली नव्हती. तिच्या आवाजात दया होती, आणि तीच मला जास्त लागली. मी कुशीवर होते, मध्ये हातभर जागा होती, असं मला आठवतं. पण झोपलेल्या माणसाच्या आठवणीला काय किंमत? आजही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

दुसऱ्या वेळी मी बाळंतपणाला माहेरी, सोनाळ्याला गेले. तिथे आईनं मुलाला माझ्या बाजेशेजारी वेगळ्या बाजेवर निजवलं आणि कारण विचारलं नाही. मुलगा झाला म्हणून इकडून, सासरच्या वडनेरहून, साखर आली, सगळे खूश. मी मात्र खूश व्हायला भीत होते. आपण आनंद केला आणि कुणी ऐकलं तर, असं काहीतरी वाटायचं. मुलाला घेऊन सासरी आले तेव्हा माझ्या पदराच्या टोकाला कापसाचा एक पुंजका बांधलेला होता. आमचा मुलूख कापसाचा, पुंजका कुठेही सापडे. तो मी निजलेल्या मुलाच्या नाकाशी धरायची. तंतू हलले की माझा जीव खाली बसायचा. थोड्या वेळानं पुन्हा शंका यायची आणि पुन्हा पदराची गाठ सोडायची. दिवसभर हाच उद्योग.

सल्ले देणाऱ्यांना तोटा नव्हता. सुईण म्हणाली, कुशीवर ठेव आणि पाठीशी लुगड्याची गुंडाळी लाव. नांदुऱ्याला स्टेशनाजवळ एक डॉक्टर बसत, नागपूरकडून आलेले. मुलाला देवी टोचायला नेलं तेव्हा मी धीर करून त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मूल चांगलं आहे बाई. तुम्हीच जरा झोपत जा." त्यांची फी गेली ती गेली, आणि वर मलाच औषध.

सासूबाईंचं मत ठाम होतं. उताणं लेकरू दचकतं, त्याचं डोकं मागून चपटं होतं; पालथं घातलं की पोटातला वारा सुटतो आणि ते गाढ निजतं. हे त्या मला सांगत नसत, शेजारणीला सांगत, मी ऐकू येण्याच्या टप्प्यात असताना. "माही पाच लेकरं पालथीच झोपली. पाचही जित्ती हायेत."  त्यांची पाच जिवंत होती आणि माझी एक गेली होती. हिशेब सरळ त्यांच्या बाजूचा. मी मनातल्या मनात त्यांना फार वाईट बोलायची. माझी मुलगी पालथी गेली हे या बाईला ठाऊक आहे, तरी माझ्या डोळ्यांदेखत माझ्या मुलाला पालथं घालते, हिचं काळीज आहे की काय आहे?

यात माझ्या नवऱ्याचं मत काय, हे कुणी विचारलं नाही, आणि विचारण्याची रीतही नव्हती. आमच्याकडे तेव्हा वडीलधाऱ्यांसमोर बापानं स्वतःच्या मुलाला उचलायचं नसे. उचललं तर तो मोठ्यांचा अपमान. भावाची, चुलत्याची पोरं खांद्यावर घेऊन गावभर मिरवा, कुणी काही म्हणणार नाही. आपलं मूल समोर रडत असलं तरी दुसरीकडे बघायचं. आमचे हे आपल्या वडिलांना फार धरून. मामंजी शेताकडे गेले की हे चोरासारखे आत येत, मुलाला छातीशी धरत, आणि बाहेर जोडा वाजला की माझ्या हातात देऊन मोकळे. मुलीला यांनी सगळ्यांसमोर हातात घेतलं ते एकदाच, तिला पुरायला नेताना. तेव्हा मात्र कुणी अडवलं नाही.

मामंजी आजोबा होते, त्यांना कसलीच आडकाठी नव्हती. नातवंडांना मांडीवर घ्यायचं तेच तर वय. पण ते तान्ह्या मुलाला हात लावत नसत. मूल चालायला लागलं की त्याला बोट धरून शेतात नेत, बैलाच्या पाठीवर बसवत, शेंगा सोलून देत. त्याआधी नाही. बारशाला चांदीचे वाळे आणले तेसुद्धा लांबूनच सासूबाईंच्या हातात दिले. मी त्यांना कठोर समजत होते. त्यांच्यासमोर माझा आवाज निघत नसे, त्यामुळे समज तपासून पाहायची वेळही आली नाही.

चैत्रातली दुपार. घरात कुरडयांचं काम निघालं होतं. मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर मोठं पातेलं ठेवून सासूबाई गव्हाचा चीक शिजवत होत्या. चीक घोटायला घेतला की हात थांबवता येत नाही, थांबला की गुठळ्या होतात किंवा तळ करपतो. मी मधल्या घरात कुरडया पाडायचे शेवगे आणि ताटं पुसत होते. आत फार उकडत होतं म्हणून सासूबाईंनी मला मुलाला दूध पाजायला लावून त्याला ओसरीत बाजेवर नेऊन ठेवलं होतं. कसं ठेवलं ते सांगायला नको. त्यालाही चौथा महिना लागला होता.

तेवढ्यात संग्रामपूरकडचे दोन पाहुणे बैलजोडी बघायला आले. मामंजी बंगईवर, ओसरीतल्या झोपाळ्यावर बसले, पाहुणे सतरंजीवर, आणि आमचे हे पायरीवर. बोलणं सुरू झालं. ओसरीत परके पुरुष असले की सुनेनं उंबरा ओलांडायचा नाही. फारच नड असली तर आतून दाराची कडी वाजवायची, म्हणजे घरातलं कुणी येऊन विचारतं. मी दाराच्या फटीतून बाजेकडे बघत होते. मुलाचं तोंड भिंतीकडे होतं. एक पाय गोधडीवर घासत होता. तो पाय मी बघत होते, कारण कापसाचा पुंजका तिथवर पोचत नव्हता.

मुलानं डोकं जरा उचललं, हललं, आणि नाक सरळ खाली गोधडीत गेलं. पाय दोनदा जोरात आपटला. मग तो थांबला.

मी कडी वाजवली. पाहुण्यांपैकी एक बैलाच्या दातांबद्दल बोलत होता, तो बोलतच राहिला. मी पुन्हा वाजवली. मामंजींनी मान वळवली, दाराकडे पाहिलं आणि मग बाजेकडे. बाज त्यांच्या हाताच्या अंतरावर होती. त्यांना दिसलं. त्यांना दिसलं हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांचा उजवा हात उठला, अर्ध्यावर आला, आणि तिथून परत गुडघ्यावर जाऊन पडला. ते आतल्या बाजूला तोंड करून सासूबाईंना म्हणाले, "आयकलं का? बाहीर ये." आवाज मोठा नव्हता, आणि मागच्या चुलीपाशी तो पोचणारही नव्हता.

माझं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं. मरो ती रीत, असं मनात आलं एवढं आठवतं. पण माझ्याआधी हे उठले. पायरीवरून ओसरीत चढले, पाहुण्यांच्या मधून, आपल्या बापाच्या समोरून चालत गेले आणि मुलाला उचललं. खांद्यावर टाकून पाठीवर थोपटलं. मुलाचं तोंड जांभळट लाल, केस घामानं चिकटलेले. थोपटण्याचा आवाज तेवढा येत होता. मग मुलानं श्वास ओढला आणि तो रडायला लागला. मी दाराला धरून खाली बसले. 

एक पाहुणा पागोटं सारखं करू लागला. दुसरा म्हणाला, "बरं, मंग बाजाराच्या दिवशी येतो," आणि दोघं गेले. सौदा राहिलाच. आता घरात काय होणार या भीतीनं मी तिथेच बसून राहिले. हे मुलाला घेऊन उभे होते. मान खाली घालून म्हणाले, "बाबा, तुमच्या समोर उचललं, चुकलं अशीन माहं. पन मी आता याले खाली ठेवत नाही."

"ठेवू नको," मामंजी म्हणाले.

त्यांनी बंगईच्या कडीकडे नजर लावली. मग बोलले, जसं दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं. "माहा बाप इथंच बसे. याच जागी. आमचं पयलं लेकरू होतं, पोरगा. बाजेवर ठेवेल होता. त्याच्या तोंडातून दूध येऊन राह्यलं होतं, घशात अडकून राह्यलं होतं. मले दिसून राह्यलं होतं सारं. बापासमोर कसं उचलाव म्हनून मी तुह्या मायले आवाज देत बसलो. ती येईलोक काई राह्यलं नव्हतं." पुढे म्हणाले, "तवापासून तान्ह्याले पाहून माहा हात उठत नाही. आजबी उठला नाही."

यांना हे ठाऊक नव्हतं. एवढा थोरला मुलगा, शेती सांभाळणारा, आणि आपल्याआधी एक भाऊ होता हे त्यांना त्या दुपारी कळलं. त्यांनी मुलाला अजून घट्ट धरलं.

माझ्या मागे कुणीतरी उभं होतं. सासूबाई होत्या. रडणं ऐकून चूल सोडून आल्या होत्या, दोन्ही हात चिकानं माखलेले, अंगापासून लांब धरलेले. त्यांनी किती ऐकलं ते मला माहीत नाही. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "उताणं ठेवलं होतं तवा मीनं त्याले. पाजलं, उताणं ठेवलं अन् पान्याले गेली."

मग मला सगळं कळलं, आणि कळल्यावर लाज आणि दुःख दोन्ही एकदम आली. मुलाला घेऊन आल्यापासून मी रोज या बाईसमोर माझ्या मुलाला उताणं करत होते, आणि दरवेळी तिला तिचा मुलगा दिसत असणार. ती त्याला पालथं करायची आणि मला माझी मुलगी दिसायची. एकाच बाजेवर आम्ही दोघी आपापलं गेलेलं लेकरू वाचवत होतो. त्यात हे जिवंत मूल दिवसभर उलटंपालटं होत होतं. पाच म्हणायच्या त्या. सहा होती.

त्यांनी मोरीत जाऊन हात धुतले, पदराला पुसले आणि ओसरीत गेल्या. यांच्या खांद्यावरून मुलाला घेतलं. यांनी दिलं, पण हात लगेच सोडला नाही. सासूबाई मुलाला घेऊन बाजेपाशी आल्या, वाकल्या, आणि वाकलेल्याच थांबल्या. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी अजून दारातच होते.

"कसं ठेवू व?" त्यांनी विचारलं.

मी लग्न होऊन त्या घरात आल्यापासून त्यांनी मला विचारलेली ती पहिली गोष्ट.  आज माझ्या नातसुनेला डॉक्टर बिनधास्त सांगतात, उताणंच निजवा, आणि ती बिनधास्त तसं निजवते. मला त्या दिवशी कुणी छातीठोक सांगितलं असतं तरी मी ते त्यांच्या तोंडावर म्हणू शकले नसते.

"ठेवू नका, आत्याबाई," मी म्हटलं. "घेऊन बसा."

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मी उंबरा ओलांडून त्यांच्या शेजारी जाऊन बसले, मामंजींच्या देखत. मूल त्यांच्या हातावर निजलं. मी सवयीनं पदराची गाठ सोडून पुंजका काढला, तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच त्याच्या नाकाशी धरला. तंतू हलत होते. दोघींनी ते पाहिलं.

मागून चीक करपल्याचा वास यायला लागला. वर्षाच्या कुरडया होत्या त्या, कुणीतरी उठायला हवं होतं. आम्ही दोघी उठलो नाही. शेवटी मामंजीच बंगईवरून उतरले, मागच्या अंगणात गेले आणि पातेलं चुलीवरून खाली घेतलं.